डिझेल पिकअपचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप: बदलण्याआधी या चुका टाळा

घाटात लोडवर गाडी ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर पी-००८७ दाखवतो. रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल वाटणाऱ्या हाय प्रेशर पाइपमध्ये) हवं तेवढं प्रेशर होत नाही, एवढंच हा कोड सांगतो. का होत नाही ते सांगत नाही. खर्चाची सुरुवात मात्र इथूनच होते. आधी टाकीतला इलेक्ट्रिक पंप बदलतात, मग रेलमध्ये डिझेल दाबणारा हाय प्रेशर पंप उतरवतात, शेवटी नोझल टेस्टिंगला जातात. आणि दोष कधीकधी चेसिसवरच्या गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टात निघतो.

मुळात तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक पंप आहे का, ते आधी पाहा. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत, विशेषतः मोठ्या ट्रकमध्ये, टाकीतून डिझेल ओढायचं काम हाय प्रेशर पंपाला जोडलेला गिअर पंपच करतो आणि फिल्टरजवळ हाताने दाबायचा प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) असतो. तिथे टाकीतून आवाज येणारच नाही.

इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑन केल्यावर तो काही सेकंदच गुणगुणतो. इंजिन फिरलं नाही तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याचा सप्लाय तोडतो. एकट्याने किल्ली लावून, गाडीखाली जाऊन मीटर टेकवेपर्यंत सप्लाय गेलेला असतो, आणि मग चांगलं वायरिंग फाडलं जातं. एकजण किल्लीवर आणि एकजण मीटरवर, अशी दोन माणसं ठेवा.

सप्लाय लोडवरच मोजा

सगळ्यात महागात पडते ती ही चूक: पंपाचा कनेक्टर काढायचा, मीटर लावायचा, १२ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ओके, पंप खराब’ म्हणायचं. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्यामुळे वायरीच्या दोनच तारा शिल्लक असल्या तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. पंपाला साधारण पाच-सात अँपिअर लागतात. तो लोड आला की त्याच वायरीतून पंपापर्यंत आठ-नऊ व्होल्टच पोचतात. पंप फिरतो, आवाजही येतो, पण डिझेल पुरत नाही. नवीन पंप लावला तरी तेच होणार.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने पिन लावा आणि पंप चालू असताना मोजा. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत हवा. प्लसकडे फरक जास्त असेल तर फ्यूजची बैठक, रिलेच्या (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० आणि ८७ नंबरच्या पिना आणि मधले कनेक्टर एकेक करून तपासा. मायनसकडे असेल तर अर्थिंगचा बोल्ट काढून, रंग आणि गंज घासून, पत्रा उघडा करून पुन्हा घट्ट करा.

पंप अजिबात फिरत नसेल तर कनेक्टरवर ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावा (२४ व्होल्टच्या ट्रकला २४ व्होल्टचाच ७० वॉटचा). लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, मंद पेटला तर वायरिंग पकडा. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: पंपाला रिलेऐवजी कंट्रोल मॉड्यूल असेल किंवा सप्लाय थेट ईसीएममधून येत असेल, तर बल्ब लावू नका. मॉड्यूल जळू शकतं.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायरिंगला आग लावणं. टाकीला खालून थाप मारल्यावर पंप चालू होत असेल, तर पंपाच्या मोटरचे कार्बन ब्रश संपत आलेत. अशा वेळी दोष खरोखर पंपाचाच असतो; त्या पंपावर लांबची ट्रिप घेऊ नका.

मग डिझेलकडे वळा

सप्लाय बरोबर निघाला की हाय प्रेशर पंपाच्या आधी, लो प्रेशर लाइनवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रेशर गेज जोडा. आकडा त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. कुठे एक बारही पुरतो, कुठे चार-पाच बार लागतात. फक्त आयडलवर मोजून समाधान मानू नका, गाडी लोडवर असताना काटा बघा. आयडलला ठीक आणि लोडवर घसरत असेल तर बहुधा फिल्टर किंवा टाकीतली जाळी चोक आहे. गेज ठीक असूनही इंजिन मिसिंग करत असेल तर फिल्टरच्या पुढे थोडा वेळ पारदर्शक पाइप लावा. सलग बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा शिरतेय; ओ-रिंग आणि पाइपचे कनेक्टर तपासा.

नवा फिल्टर बसवताना मधल्या भोकातून डिझेल ओतू नका. ती गाळलेली बाजू असते. कॅनमधला कचरा तिथून थेट हाय प्रेशर पंपात जातो. जुन्या फिल्टरच्या वाटीत चमकदार धातूची पूड दिसली तर थांबा. हाय प्रेशर पंपच झिजतोय. इलेक्ट्रिक पंप बदलून काही होणार नाही. टाकीपासून नोझलपर्यंत सगळं साफ करावं लागेल.

चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट ढिला करून हवा काढायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. हजारापेक्षा जास्त बारची धार कातडी फोडून आत शिरते. टाकी उघडतानाही डिझेल पेटत नाही या समजात राहू नका. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीने वाफ पेटू शकते ते तापमान) किमान ३५ अंश धरलेला आहे, आणि विदर्भातला मे महिना त्याच्या बराच वर जातो. बॅटरीची मायनस काढा, पंप टाकीत धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगवर लोखंडी छिन्नी नको, पितळी वापरा.

नवा पंप बसल्यावर लगेच सेल्फ मारू नका. किल्ली ऑन करा, पंप थांबू द्या, ऑफ करा; असं पाच-सहा वेळा. मग सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये मिनिटभर विश्रांती. इंजिन चालू झालं की लो प्रेशरचे सगळे जोड कोरड्या कपड्याने पुसून ओल येतेय का बघा. हाय प्रेशर पाइपवर मात्र हात फिरवू नका, पुठ्ठा धरून बघा.