मीडिया क्वेरी लावली, तरी पान बिघडतंय? या चुका टाळा

मीडिया क्वेरी म्हणजे 'स्क्रीन इतकी रुंद असेल तरच हे नियम लावा' अशी सीएसएसमधली, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांमधली, अट. 'मोबाइलसाठी वेगळी क्वेरी लिहिली, पण फोनवर काहीच बदलत नाही,' असं कुणी सांगितलं की मी आधी सीएसएस उघडत नाही. एचटीएमएलच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा (पान दिसण्याच्या जागेचा) मेटा टॅग आहे का, ते बघतो. तो नसेल तर फोनचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो. मग तुमची 'जास्तीत जास्त 600' ही अट पुरी होणार कशी? त्या टॅगमध्ये रुंदी डिव्हाइस-विड्थ ठेवा, इनिशियल-स्केल 1 ठेवा.

टॅग आहे, तरी गोंधळ? मग क्रम तपासा. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. क्वेरीत घातला म्हणून नियमाचं वजन वाढत नाही. सिलेक्टर (नियम कशाला लागायचा ते सांगणारा भाग) सारखाच असेल तर खाली लिहिलेला नियम जिंकतो. एका खानावळीच्या पानावर पदार्थांची ग्रिड होती. वर मिन-विड्थ (किमान रुंदी) 1024 ला चार कॉलम, त्याखाली मिन-विड्थ 600 ला दोन. 1280 च्या लॅपटॉपवर दोन्ही अटी खऱ्या ठरल्या, खालची लागू झाली आणि थालीपिठाच्या एका फोटोने अर्धी स्क्रीन व्यापली. दोन ब्लॉकची अदलाबदल केली, ग्रिड जागेवर आली.

मिन-विड्थ असेल तर लहान आकड्याकडून मोठ्याकडे लिहीत जा, मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) असेल तर उलट. मी तर सांगेन, एकच दिशा धरा आणि तीही मिन-विड्थची. मूळ सीएसएस फोनसाठी लिहा आणि ते सगळ्या क्वेरींच्या वर ठेवा. ते चुकून खाली गेलं तर क्वेऱ्या असून नसल्यासारख्या होतात.

दोन्ही दिशा मिसळल्या की 768 चा घोळ होतो. एका क्वेरीत मॅक्स-विड्थ 768, दुसरीत मिन-विड्थ 768, म्हणजे बरोबर 768 ला दोन्ही लागतात. पहिली 767 केली, तर झूममुळे कधी 767.5 अशी रुंदी येते आणि एकही लागत नाही. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचात 767.98 दिसतं ते यासाठीच. आता 'विड्थ 768 पेक्षा कमी' हे थेट चिन्हाने लिहिता येतं. सफारीत ही सोय 16.4 पासून आहे.

क्वेरीतला 'अँड' हा शब्द आणि त्यापुढचा कंस यांमध्ये जागा सोडली नाही तर ती क्वेरी लागूच होत नाही. स्वल्पविरामाचा अर्थ 'किंवा'. क्वेरीच्या अटीत सीएसएस व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली किंमत) चालत नाही.

राहिला प्रश्न आकड्यांचा. फोनच्या मॉडेलवरून ब्रेकपॉइंट (मांडणी बदलायची ती रुंदी) ठरवू नका. ब्राउझरमधली डेव्हटूल्स उघडा, खिडकी हळूहळू अरुंद करा आणि मांडणी मोडते तिथला आकडा घ्या. मराठी पानाला हे फारच गरजेचं. इंग्रजी थीममध्ये 'होम' आणि 'अबाउट' सहज मावतात, पण 'मुख्यपृष्ठ', 'आमच्याविषयी', 'पदार्थांची यादी' टाकलं की 768 लाच मेन्यू दोन ओळींत जातो. त्या खानावळीच्या पानाला शेवटी 840 चा ब्रेकपॉइंट लागला.