हेडलाइटचा बल्ब घरीच बदलला

कसारा घाटात धुक्यात डाव्या हेडलाइटचा लो बीम (जवळचा झोत) गेला. हाय बीम (लांबचा झोत) मात्र चालू. म्हणजे बहुधा फ्यूज नव्हे, बल्बच. आमच्या छोट्या एसयूव्हीला एच४ हा हॅलोजन बल्ब लागतो: एकाच बल्बमध्ये लोची ५५ आणि हायची ६० वॉटची फिलामेंट (तापून उजळणारी तार). (एच७ मध्ये एकच असते, म्हणून जुना बल्ब सोबत न्यावा.)

नाशिकला द्वारकाजवळ दुकानदार १००/९० वॉटचा घ्या म्हणाला. नको म्हटलं, त्याने होल्डर वितळू शकतो. एलईडीही टाळला. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या आरशात) त्याचा प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात, घाटात ते जिवावर बेततं.

तीन पिनांचा कनेक्टर, रबरी टोपण, स्प्रिंग क्लिप काढली. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो. दोन्ही बाजूंचे बदलले, उजेड सारखा पडतो.