पोरगा जहाजावरनं परत आला नाही आणि बॉडीपण मिळाली नाही, तर दिवस कसे घालायचे

आमच्या बेळगाव-खानापूर भागातनं मिलिटरीत जाणारी पोरं भरपूर, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात आहे, त्यामुळं तिरंग्यातनं पेटी आली की काय करायचं ते गावाला माहीत असतं. पण मर्चंट नेव्हीतला पोरगा समुद्रात बेपत्ता झाला की कुणालाच काय सुचत नाही. माझ्या आतेभावाच्या वेळी आम्ही जिथं चुकलो आणि जे जमलं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे घाई करू नका. आमच्यात तिसऱ्याच दिवशी कडू घास (मयताच्या घरी पाहुणे-भावकी आणतात ते जेवण) आणायचा की नाही यावर भावकीत वाद लागला आणि कुणीतरी वहिनीच्या कुंकवाचा विषय काढला, आणि आत्ती मात्र हातात मोबाईल धरून बसलेली, त्याला पाठवलेल्या मेसेजला एकच टिक आहे, दुसरी आली तर? अशा वेळी तिला समजावायला जाऊ नका. भाकरी-आमटी घेऊन जा, त्याला कडू घास म्हणू नका, नुसतं जवळ बसून दोन घास खायला लावा. कुंकू, मंगळसूत्र हे वहिनीचं ती ठरवेल, त्यात गावानं पडायचं नाही.

कागदासाठी घरातला एकच माणूस नेमा. त्याच्या सीडीसीची (खलाशाच्या नोकरीच्या नोंदीचं सरकारी पुस्तक) आणि काँट्रॅक्टची झेरॉक्स, इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी नंबर) काढून ठेवा. एजंटकडनं लॉगबुकातल्या नोंदीची कॉपी, कॅप्टनचा रिपोर्ट आणि शेवटचं लॅटिट्यूड-लाँगिट्यूड लेखी मागा, देत नसतील तर मुंबईच्या डीजी शिपिंगला (जहाजांचं केंद्र सरकारी ऑफिस) मेल करा. पोलीस स्टेशनात तक्रार कन्नडात लिहितात, वाचता येणाऱ्याकडनं वाचून घेऊनच सही करा, नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच पाहिजे. 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. काहीच पत्ता नसला तर कायदा 7 वर्षांनी माणूस गेला असं धरतो, पण बुडाल्याचा पुरावा असला तर आधीपण कोर्टात मांडता येतं, म्हणून तर लॉगबुकाची कॉपी पाहिजे.

आता विधीचं. बॉडी नसली तर पालाशविधी करतात, पळसाचे 360 देठ आणि दर्भ यांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, त्याला अग्नी द्यायचा आणि तिथनं पुढं दिवस धरायचे. काही भटजी बारा वर्षं थांबा म्हणतात, काही जहाजाचा रिपोर्ट बघून लगेच करतात, पण माझं म्हणणं एवढंच की आई हो म्हणेपर्यंत कुणी पळस तोडायला जाऊ नये. आत्ती आठ महिन्यांनी हो म्हणाली. दरसाल पितृपक्षात अपघाती गेलेल्यांची घातचतुर्दशी असते ती धरा, नाहीतर सर्वपित्री आहेच.

विधीसाठी नदी कुठली ते पण बघा की. आम्ही कणकुंबीला मलप्रभेवर निघालो होतो, पण मलप्रभा कृष्णेला मिळून पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते आणि आमचा भाऊ गेला अरबी समुद्रात. खानापूर तालुक्यातच उगम पावणारी म्हादई मात्र गोव्यात मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रालाच मिळते. मग म्हादईवर गेलो. आत्तीनं द्रोणात फुलं आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा ठेवून सोडला आणि विचारलं, किती दिवसांनी पोचंल रे? जमत असेल तर कारवारला समुद्रावरच जा.

पुढं एक दिवस कंपनीकडनं त्याची बॅग येते. ती दारात सगळ्यांसमोर उघडू नका, आधी आईला आणि बायकोला आत बसून उघडू दे. मोबाईल असला तर लगेच चार्जिंगला लावू नका, त्यांना विचारा. आणि कपडे धुवायला टाकू नका. आमच्या बॅगेत ऑइलचा वास मारणारा बॉयलर सूट होता, शेजारणीनं चांगल्या मनानं बादलीत घातला होता, वहिनीनं तो ओलाच उराशी धरून बाहेर काढला.