पानगळीच्या दिवसांत तळ्यावर फ्लाय फिशिंग: ब्लूगिल आणि बास कसे पकडायचे

उन्हाळा सरला की बरेच जण रॉड कपाटात टाकतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण छोट्या तळ्यावर फ्लायने (हुकवर पिसं-धागे बांधून केलेलं किड्यासारखं किंवा छोट्या माशासारखं हलकं आमिष) ब्लूगिल, क्रॅपी आणि लार्जमाउथ बास हे उत्तर अमेरिकेतले गोड्या पाण्यातले मासे पकडायचा सगळ्यात भारी काळ हाच. फक्त उन्हाळ्यातली घाई इथे चालत नाही, सगळं सावकाश घ्यायचं.

आधी पाण्याचं तापमान बघा. साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तरी पुरतं. साधारण १३ ते २० डिग्री सेल्सिअस असेल तर बास थंडीआधी पोट भरायच्या मागे असतो, १० च्या खाली गेलं की तो सुस्तावतो, खातो पण पाठलाग करत नाही. मधेच काही दिवस असे येतात की पाणी गढूळ, कधीकधी कुजका वास, आणि एकही मासा तोंड उघडत नाही. उन्हाळ्यात तळ्यात कोमट पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर असतात ना, वरचं पाणी गार झालं की ते थर मोडतात आणि तळाचं कमी ऑक्सिजनचं पाणी सगळीकडे मिसळतं, म्हणून असं होतं. तेव्हा फ्लाय बदलत बसू नका, थोडे दिवस जाऊ द्या. एकदम उथळ तळ्यात हे फारसं जाणवत नाही.

रॉड एकच घ्यायचा तर ५ वेट (वेट म्हणजे रॉड आणि लाइन किती जड याचा नंबर), त्यावर फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाइन, ९ फुटी लीडर (लाइनच्या पुढची बारीक होत जाणारी पारदर्शक दोरी), ४एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा बारीक धागा, एक्सचा आकडा लहान तितका तो जाड). खास बाससाठी मोठ्या फ्लाय टाकायच्या असतील तर ६ किंवा ७ वेट आणि २एक्स बरं. ब्लूगिलचं तोंड एवढंसं असतं त्यामुळे त्याला १० किंवा १२ नंबरचा हुक (नंबर मोठा तितका हुक छोटा), हेअर्स इअर निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी फ्लाय) मस्त चालतो. दोघांनाही चालेल अशी एकच फ्लाय हवी असेल तर काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर (झुपकेदार शेपटीची, बुडणारी फ्लाय), ८ नंबर. पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारी फ्लाय) घरी ठेवू नका, पानगळीच्या सुरुवातीच्या उबदार संध्याकाळी बास अजूनही वर येऊन मारतो.

जागा शोधताना पाणवनस्पती बघा. तपकिरी होऊन सडायला लागलेली झुडपं ऑक्सिजन खातात, मासे तिथून निघून जातात, पण हिरवा राहिलेला एखादा पट्टा असेल आणि त्याच्या पुढे लगेच खोल पाणी असेल तर तिथेच ठाण मांडा. गारठा वाढला की पहाटे उठायची गरज नाही, दुपारी ऊन पडलेला काठ जास्त चांगला.

आता खरी गंमत रिट्रीव्हमध्ये, म्हणजे फ्लाय परत ओढण्यात आहे. फ्लाय पडली की मनात ५ पर्यंत मोजा, मग ओढायला घ्या, काही नाही लागलं तर पुढच्या वेळी १०, मग १५, आणि ज्या आकड्याला मासा लागला तो धरून ठेवा कारण बाकीचेही बहुतेक त्याच खोलीवर असतात. ओढायचं म्हणजे लाइन बोटांनी थोडीथोडी तळहातात गोळा करत जायची, मधे थांबायचं, परत थोडी. थंड पाण्यात हिसका बसेलच असं नाही. लाइन पाण्यात शिरते त्या टोकावर नजर ठेवा, ती जराशी थबकली किंवा बाजूला सरकली की रॉड वर न उचलता डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचा (डावखुरे असाल तर उलट). मासा नसलाच तर फ्लाय फूटभरच सरकते आणि तुम्ही अजून खेळात असता.

पाण्यावर पडलेल्या पानांचा त्रास होतोच, वारा ती एका काठाला लोटतो, मग तिथे वीडगार्ड (हुकमध्ये कचरा अडकू नये म्हणून लावलेली ताठ तार) असलेली फ्लाय किंवा सरळ दुसरा काठ. मागे झाडं असतील तर रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे लोळवत टाकणं) शिकून घ्या, त्याशिवाय तळ्यावर निभाव लागत नाही.

मासा धरायच्या आधी हात ओले करा. ब्लूगिलच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून हात तोंडाकडून मागे सरकवत काटे दाबून धरायचे, बासला खालच्या ओठाला धरायचं, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्यायचा. हुकची बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) आधीच पक्कडने दाबून ठेवली असेल तर सोडायला क्षणभरही लागत नाही, आणि तुमच्या भागात लायसन्स लागतं का हे निघायच्या आधी बघून घ्या.