अपसामान्य वर्तनाचा पेपर घेताय? आधी विचारा, त्रास कोणाला आहे

एमएला अपसामान्य मानसशास्त्र (ॲबनॉर्मल सायकॉलॉजी) घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. वर्तन अपसामान्य आहे का हे ठरवायच्या विचलन, त्रास, कामकाजात अडथळा आणि धोका, या चार कसोट्या तुम्हाला पाठ असणारच. गावच्या मराठी कॉलेजातून मी नागपूरला आले तेव्हा मलाही होत्या. परीक्षेत त्यांच्यावर मार्क मिळतात. समोर जिवंत माणूस बसला की मात्र त्या चारही एकमेकींच्या पायात पाय घालतात, आणि तिथे कोणी सावध करत नाही.

विचलन दोन तऱ्हांनी बघतात, संख्येने आणि सामाजिक रूढींनी. संख्येची कसोटी लवकर उरकू. बुद्ध्यंकाची सरासरी १००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) १५. ७० च्या खाली साधारण दोन टक्के लोक येतात, १३० च्या वरही जवळपास तेवढेच. दोघेही सारखेच दुर्मिळ, पण एकाला मदत लागते म्हणतो आणि दुसऱ्याचा सत्कार करतो. एवढं लिहा आणि पुढे जा.

सामाजिक रूढींच्या कसोटीसाठी परदेशी उदाहरणं घोकू नका, आपलं शहर बघा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा हजारो माणसं 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फोडून ओरडतात. एरवी भर दुपारी बर्डीच्या बाजारात एकट्यानेच कोणी तसं ओरडत सुटला, तर लोक रस्ता बदलतील. सूफी संत ताजुद्दीन बाबांचंच बघा. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं आणि १९०८ मध्ये नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराव भोसल्यांनी तिथून बाहेर आणलं. आज ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यावर, सगळ्या धर्मांची माणसं माथा टेकतात. बाबांचं निदान करायला मी बसलेले नाही, तुम्हीही बसू नका. इस्पितळाने आणि शहराने एकाच माणसाला किती वेगळं पाहिलं, तेवढं लक्षात घ्या.

रूढीवर शास्त्राचा शिक्का बसला की माणसं भरडली जातात. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकी डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवलं आणि त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असं नावही दिलं. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या विकारांच्या यादीत होती. जागतिक आरोग्य संघटनेने ती काढायला १९९० उजाडलं.

आता ज्या खड्ड्यात मी पडले, तो. फील्डवर्कच्या काळात एक आई आणि मामा मुलीला घेऊन आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). 'पोरगी लग्नाले नाई म्हनते, कोनाशी बोलत नाई, देवाले हात जोडत नाई. काहून अशी करते तं पाहा म्याडम.' आई बोलता बोलता रडत होती. विचलन आहे, त्रास दिसतोय, घरात वावर नाही. फॉर्मवर तीन खुणा झाल्या आणि मुलगी अजून एक शब्द बोललेली नव्हती. तिच्याशी एकटीशी बोलणं झालं तेव्हा कळलं की ती रोज वाचनालयात बसते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते, झोप नीट, जेवण नीट, दोन मैत्रिणी आहेत. घरी बोलत नाही, कारण बोलली की स्थळाचा विषय निघतो. रडू खरं होतं, पण ते आईचं होतं.

हे पुन्हा सांगते, कारण इथेच सगळे घसरतात. 'त्रास' ही कसोटी लावताना तो कोणाचा, हे फॉर्म विचारत नाही. 'कामकाजात अडथळा' म्हणताना काम कोणी ठरवलं, हेही विचारत नाही. आपल्याकडे माणूस एकटा येत नाही, त्याला आणलं जातं, आणि आणणाराच आधी बोलतो. त्याच्या तोंडून ऐकलेलं 'विचित्र' हे त्याच्या घराचं माप असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ जरूर वाचा. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी कोणी जुळवून घेत नाही, या कारणावरून त्याला मानसिक आजार ठरवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

मग त्रास त्या व्यक्तीलाच हवा, असा नियम करायचा का? तोही टिकत नाही. उन्मादाच्या (मेनियाच्या) झटक्यातला माणूस दोन तास झोपतो, उधारीवर तीन धंदे काढतो आणि आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं म्हणून सांगतो. तिथे घरच्यांचं ऐकलं नाही तर तो उद्ध्वस्त होईल. जेरोम वेकफिल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९९२ मध्ये दोन्ही बाजू जोडायचा प्रयत्न केला: आतली एखादी यंत्रणा तिचं नैसर्गिक काम करत नसावी, आणि त्यातून हानीही होत असावी. मला ही व्याख्या आवडते, कारण मुलीच्या बाबतीत आत काय बिघडलंय हे ती विचारायला लावते. पण मनाच्या यंत्रणेचं नैसर्गिक काम कोणतं, हे सिद्ध करणं फार अवघड आहे.

निदानाच्या पुस्तकांचंही एकमत नसतं. लांबलेल्या शोकाच्या विकारासाठी आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान सहा महिने मागते, २०२२ ची डीएसएम (अमेरिकी मानसोपचार संघटनेची विकारांची यादी) मोठ्या माणसांसाठी बारा. सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या मध्ये असलेल्या विधवेला काय म्हणायचं, ते तुम्हाला तिच्यासमोर बसूनच ठरवावं लागेल.

गाईडांवर माझा राग आहे. त्यांत प्रत्येक व्याख्येचे 'गुण-दोष' पाच-पाच ओळींत संपतात आणि विद्यार्थ्याला वाटतं, विषय झाला. एका ऐकण्यात निदान सांगणाऱ्या मार्गदर्शकांपासूनही लांब राहा. 'हे तुला कोणी सांगितलं?' एवढं विचारून केस परत पाठवणारे शोधा. त्यांचा वैताग येतो, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, पण शिकवतात तेच. आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवू नका, मग क्लास लावणारे काहीही सांगोत.

सुरुवातीला वाचलेला प्रत्येक विकार स्वतःत, भावात, रूममेटमध्ये दिसेल. घाबरू नका, बहुतेकांचं असं होतं आणि ओसरतं. पण झोप उडाली, जेवण सुटलं, वर्गात जावंसं वाटेना आणि हे आठवडे-आठवडे चाललं, तर अभ्यासाचा ताण म्हणून रेटू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करा.