जुन्या कॉम्प्युटरचा सॉफ्टवेअर-हिशेब: अपडेट कधी घ्यावे, पैसे कशाचे द्यावेत आणि फुकटच्या ऑफिसवर कसे यावे

झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात, करसल्लागाराकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात जो कॉम्प्युटर असतो, तो बहुधा सात-आठ वर्षांचा असतो. त्यावर विंडोज १० असते, ऑफिस २०१६ किंवा २०१९ असते आणि ते कोणी, कुठून टाकून दिले हे आता कोणालाच आठवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या तिन्हींचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट एकाच दिवशी संपला. मशीन बंद पडले नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. तेव्हापासून दुकानदार म्हणतो ‘नवीनच घ्या’ आणि भाचा म्हणतो ‘फुकटचं टाकून देतो’. दोघांचेही ऐकण्याआधी आपल्या मशीनवर नेमके काय आहे ते बघावे. पैसे काढायचे की नाही, याचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते.

पायरी १: परवाना कोणता, ते ओळखा

कीबोर्डवरची विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीतून एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरे, एक स्पेस, तिरकी रेघ आणि रेघेला चिकटून डी-एल-आय असे टाइप करून एंटर मारा. काही सेकंदांनी एक छोटी खिडकी येईल. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत ‘चॅनल’ या शब्दाआधी काय लिहिले आहे, तेवढेच वाचायचे.

तिथे ओईएम असेल तर परवाना मशीनसोबत आलेला आहे आणि मदरबोर्डशी बांधलेला आहे. बोर्ड जळून वेगळा बसवला, तर तो परवाना सोबत जाईलच असे धरू नका. रिटेल असेल तर तो सुटा विकत घेतलेला आहे. जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच मशीनवर चालतो. व्हॉल्यूम म्हणजे कंपन्या-कॉलेजांना घाऊक दिला जाणारा. त्यातला केएमएस प्रकार कंपनीच्या सर्व्हरवरून ठरावीक मुदतीने नव्याने चालू होतो. दुकानातल्या मशीनवर ‘व्हॉल्यूम केएमएस’ दिसले तर जपून. तीच आज्ञा शेवटी डी-एल-आयऐवजी एक्स-पी-आर लिहून पुन्हा चालवा. ‘पर्मनंटली’ हा शब्द न येता मुदतीची तारीख आली, तर कुणीतरी ‘ॲक्टिव्हेटर’ (परवाना नसताना विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. केएमएसची मुदत १८० दिवसांची असते आणि ती वाढवत राहण्यासाठी एक छुपा प्रोग्राम मागे चालू ठेवतात. तो बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, खरी गोम तिथे आहे. त्याच मशीनवर तुम्ही जीएसटी पोर्टलचा आणि बँकेचा पासवर्ड टाइप करता.

कायद्याचेही सांगायला हवे. प्रोग्रामची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. दुकान आणि करसल्लागाराचे ऑफिस या सवलतीत बसत नाहीत.

चारपाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या ‘की’ बहुधा अशाच घाऊक किंवा ओईएम साठ्यातून फुटलेल्या असतात. की चालली म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे. बिल नाही, तर परवाना नाही, असेच धरून चाला.

ऑफिससाठी वर्ड उघडून ‘फाइल’ आणि मग ‘अकाउंट’मध्ये जा. ‘सबस्क्रिप्शन’ लिहिले असेल तर दरवर्षी किंवा दरमहा पैसे जात आहेत. कोणाच्या कार्डावरून, हेही त्याच बैठकीत शोधून काढा. सोसायटीत जुन्या सेक्रेटरींच्या कार्डावर चाललेले सबस्क्रिप्शन ते घर सोडून गेले की बंद पडते, आणि ते कळते ऐन वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी.

पायरी २: अपडेटचे दोन ढीग करा

‘अपडेट’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. सुरक्षेची दुरुस्ती लवकर घ्यावी. नवी फीचर्स आणणारे अपडेट मुरू द्यावे.

विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे त्या रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास येतात, म्हणजे बुधवारी सकाळी मशीन ‘रिस्टार्ट करा’ म्हणणार. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर असेल तर विंडोज अपडेटमध्ये जाऊन ‘पॉज’ करा; पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. एरवी दोन-चार दिवस थांबून घ्यावे. तेवढ्यात काही मोठा घोळ असलाच तर बोभाटा झालेला असतो. महिनाअखेरीस ‘प्रिव्ह्यू’ असे लिहिलेले ऐच्छिक अपडेट येते, ते पुढच्या महिन्याच्या मालाची चाचणी असते. कामाच्या मशीनवर त्याला हात लावू नये. विंडोज ११ मध्ये ‘नवे अपडेट निघताच मिळवा’ अशा अर्थाचे एक बटण असते, तेही बंदच असू द्या.

विंडोज ११ चे मोठे फीचर अपडेट वर्षातून एकदा, उत्तरार्धात येते आणि होम-प्रो आवृत्त्यांना २४ महिने सपोर्ट मिळतो. त्यामुळे घाईचे काही कारण नाही. घेतल्यावर प्रिंटर किंवा डिजिटल सहीचे यूएसबी टोकन चालेनासे झाले तर ‘रिकव्हरी’मधून मागे जाता येते, पण फक्त १० दिवसांत. त्या दिवसांत जागा रिकामी करायला म्हणून डिस्क क्लीनअप चालवले आणि आधीच्या विंडोजच्या फाइल्स उडवल्या, की परतीची वाट बंद. फीचर अपडेट घेतल्यावर पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन एकेकदा चालवून बघा. अकराव्या दिवशी तक्रार करून उपयोग नसतो.

अपडेट अडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे जागा नसणे. ०एक्स८००७००७० हा क्रमांक दिसला तर डिस्क भरली आहे. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

विंडोज १० वर अडकलेल्यांनी आधी मशीन ११ ला चालते का ते बघावे: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. नसेल तर घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. ती सवड नवे मशीन किंवा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) ठरवण्यासाठी आहे.

पायरी ३: ‘फ्री’ कोणत्या अर्थाने, ते वाचा

डाउनलोडच्या पानावर ‘फ्री’ दिसले की आपण पुढे जातो. त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ आहे का, ते शोधा. दूरवरून मशीन चालवण्याची टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही सॉफ्टवेअर घरी फुकट आहेत, धंद्यात नाहीत. फाइली दाबून लहान करणारे विनरार ४० दिवसांच्या चाचणीपुरते मोफत आहे, नंतर ते फक्त आठवण करत राहते. आठवण करणे म्हणजे परवानगी देणे नव्हे. त्याच कामाला सेव्हन-झिप आहे, ते दुकानातही बिनदिक्कत वापरता येते. काही प्रोग्राम चालायला लागणाऱ्या ओरॅकलच्या जावा ८ चे उदाहरण तर शिकण्यासारखे आहे. एप्रिल २०१९ च्या अपडेटपासून त्याचा परवाना बदलला आणि तेच सॉफ्टवेअर व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाले. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत अपडेट घेणाऱ्यांच्या ते लक्षातही आले नसेल.

पैसे द्यायचेच ठरले तर एकदाच घ्यायचे की वर्गणीचे, एवढे ठरवा. ऑफिस २०२४ एकदाच विकत मिळते, एका मशीनसाठी, आणि त्याचा सपोर्ट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. म्हणजे किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा आणि तो आकडा वार्षिक वर्गणीशेजारी ठेवा. १८ टक्के जीएसटी किमतीत धरला आहे की वेगळा, हे आधी बघा. वर्गणीला कार्डावर ऑटो-डेबिट लावलेत तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. साधारण १५ हजारांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय कापली जाते, म्हणून तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. नको असलेला मँडेट (पैसे कापत राहण्याची दिलेली परवानगी) त्याच वेळी रद्द करता येतो.

पायरी ४: लिब्रेऑफिसवर या, पण वर्ड लगेच काढू नका

पत्रे, इतिवृत्ते, बिले आणि हिशेबाचे तक्ते यांपलीकडे काम नसेल, तर लिब्रेऑफिस पुरते. ते २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळे झाले, द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळते आणि धंद्यात वापरायलाही ते मोफत आहे. एक्सलमध्ये मॅक्रोवर (आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या फाइल असतील तर मात्र आधी त्या तपासा, कारण मॅक्रोंची भाषा व्हीबीए लिब्रेऑफिसमध्ये अर्धेमुर्धेच चालते.

अधिकृत साइटवरून उतरवा. दोन आवृत्त्या दिसतील. कामाच्या मशीनवर नवीपेक्षा आधीची, स्थिरावलेली घ्यावी. बसवताना ‘वर्डच्या फाइल यातच उघडा’ असे विचारले तर सध्या नको म्हणा. दोन्ही सॉफ्टवेअर एक महिना शेजारी नांदू द्या.

बसवल्यावर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’ उघडा. लोकेल (आकडे-तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने दाखवायच्या ते) ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा मराठी ठेवा. असे केले की तक्त्यात हजाराचे स्वल्पविराम लाख-कोटीच्या ठिकाणी पडतात: १२,३४,५६७. ‘अमेरिका’ राहिले तर १,२३४,५६७ दिसेल आणि तारखेत महिना पुढे येईल. ५ एप्रिलची पावती ४ मेला जाऊन बसेल. त्याच ठिकाणी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) खूण करून मराठी निवडा. ही खूण महत्त्वाची, कारण राइटर (लिब्रेऑफिसमधला वर्डसारखा प्रोग्राम) इंग्रजी आणि देवनागरी मजकुराचे फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतो. ‘फॉन्ट बदलला तरी मराठी तशीच राहते’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. ‘राइटर’खालच्या ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’मध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी ठरवून टाका. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता खुल्या परवान्याचा आहे, छापील कामालाही चालतो.

‘लोड/सेव्ह’मध्ये नेहमीचा साठवण्याचा प्रकार ठरवा. फाइल बाहेर जाणार असेल तर वर्डचा डॉकएक्स, आणि जिच्यात कोणी बदल करायचा नाही ती पीडीएफ करूनच पाठवा. वर्डचा कॅलिब्री फॉन्ट मशीनवर नसेल तर त्याच मापाचा कार्लिटो वापरला जातो, म्हणून पाने सहसा सरकत नाहीत. मराठी फॉन्टला असा जोडीदार नाही. तिथे पाने सरकतात.

जुन्या फाइलींचे वेगळे प्रकरण आहे. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या युनिकोडपूर्व (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी मराठी येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतो. फॉन्ट नसला की नुसती खिचडी दिसते. हा दोष नव्या सॉफ्टवेअरचा नाही, तीच फाइल वर्डमध्ये उघडली तरी तेच दिसेल. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग ‘ऱ्य’ तपासा. कन्व्हर्टर अनेकदा ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ करतो. म्हणून शोध चौकटीत ‘र्या’ टाकून एकेक जागा बघा. ‘कार्यालय’ आणि ‘सूर्या’ बरोबर आहेत, ‘पुढार्यांनी’ चुकले आहे. सगळे एकदम बदलू नका. शिवाय ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. सभासदांच्या यादीत ‘कुऱ्हाडे’ सापडत नसतील तर यादीत नाहीत असे समजण्याआधी दुसऱ्या तऱ्हेने शोधा.

फीचरच्या बाबतीत एक गंमत आहे. एक्सलमधले एक्सलुकअप हे तक्त्यातली जुळणारी नोंद शोधून आणणारे सूत्र ऑफिस २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. लिब्रेऑफिसमध्ये ते २४.८ पासून आहे. २४.८ म्हणजे २०२४ चा ऑगस्ट. आवृत्तीच्या नावातच वर्ष-महिना असतो, त्यामुळे आपली प्रत किती शिळी आहे ते लगेच कळते. सूत्राच्या जागी ‘नेम’ अशी चूक दिसली तर आधी आवृत्ती बघा.

सुरू होताच बंद पडत असेल किंवा मेनू गायब झाले असतील, तर पुन्हा बसवायच्या भानगडीत पडू नका. बसवण्याने बिघडलेले प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्जचा साठा) तसेच राहते. ‘हेल्प’ मेनू उघडत असेल तर त्यातून ‘रिस्टार्ट इन सेफ मोड’ घ्या, नाहीतर विंडोजच्या स्टार्ट मेनूतून ‘लिब्रेऑफिस (सेफ मोड)’ उघडा आणि प्रोफाइल रीसेट करा. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, पण वर लावलेली लोकेल आणि फॉन्टची सेटिंग्ज पुन्हा लावावी लागतात.