एक्सोसोम वेगळे करताय? या चुका टाळा, नाहीतर भलतंच काहीतरी मोजत बसाल

अल्ट्रासेंट्रिफ्यूज (सॅम्पल प्रचंड वेगाने फिरवणारं मशीन) थांबलं, तळाशी पेलेट (खाली बसलेला साका) दिसला, झाले एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्यातल्या एका प्रकारच्या बारीक पिशव्या, असं खूप जण धरून चालतात. तसं नसतं हो. एक्सोसोम त्यात असतीलही, पण सोबत आणखी काय काय आलंय हे तपासल्याशिवाय पुढचा एकही प्रयोग लावू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या साइजवरून ठरवणं. ३० ते १५० नॅनोमीटरचं काही दिसलं की एक्सोसोम म्हणून मोकळं व्हायचं. पण एक्सोसोम ठरतो तो जन्मावरून. पेशीच्या आत एंडोसोममध्ये बारीक पिशव्या तयार होतात, मग तो भरलेला एंडोसोम, म्हणजे मल्टिव्हेसिक्युलर बॉडी, पेशीच्या बाहेरच्या पटलाला जाऊन मिळतो आणि आतल्या पिशव्या बाहेर पडतात. थेट पटलावरून सुटणाऱ्या पिशव्या वेगळ्या, आणि त्यातल्या काही एवढ्याच लहान असतात. १९८३ मध्ये सेंट लुईसला फिलिप स्टाल यांची टीम आणि मॉन्ट्रियलला रोझ जॉन्स्टोन यांची टीम, दोन्हीकडे एकच प्रश्न चालला होता, की कच्ची लाल रक्तपेशी पक्व होताना तिच्यावरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर जातो कुठे. स्टाल यांच्या टीमने ट्रान्सफेरिनला सोन्याचे कण जोडले आणि ते कण आधी एंडोसोममधल्या पिशव्यांवर, मग त्या पिशव्यांसकट पेशीबाहेर जाताना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले. म्हणजे त्यांनी जन्म बघितला होता, आपल्या ट्यूबमधल्या पिशवीचा आपण बघितलेला नसतो. म्हणूनच २०१८ आणि २०२३ च्या मिसेव्ह, म्हणजे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय, गाइडलाइन्सचं म्हणणं आहे की उगमाचा पुरावा नसेल तर सरळ एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल, ईव्ही, असं लिहा. मला हे शंभर टक्के पटतं.

दुसरी चूक मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावात, असते. त्यात घालतात त्या एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम) गाईच्या स्वतःच्या ईव्ही भरपूर असतात, त्यामुळे कंट्रोल आणि ट्रीटमेंट दोन्हीकडे सारखेच आकडे येत असतील तर आधी सीरमवर संशय घ्या. १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट) वर रात्रभर, साधारण १८ तास, फिरवून घेतलेलं सीरम वापरा, तरी थोड्या उरतातच, म्हणून पेशी न टाकलेला मीडिया सेम पद्धतीने प्रोसेस करून बाजूला ठेवा. सीरम एकदम काढून टाकलं तर पेशी उपाशी पडतात आणि त्या काय सोडतात तेच बदलतं.

रक्ताचं सॅम्पल असेल तर जास्त जपा. सीरम नको, प्लाझ्मा घ्या, कारण रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःच्या ईव्ही सोडतात. पुढे पीसीआर करायचं असेल तर हेपॅरिनची ट्यूब टाळा, त्याने रिअॅक्शन अडते. आणि खरी डोकेदुखी लिपोप्रोटीनची (चरबी वाहून नेणारे कण, एचडीएल आणि व्हीएलडीएल हे त्यांचेच प्रकार), ते रक्तात ईव्हीपेक्षा कितीतरी पट जास्त असतात. साइज एक्सक्लुजन कॉलमने (आकारावरून वेगळं करणाऱ्या) एचडीएल बरंच निघतं पण व्हीएलडीएल साइजने जवळपास सारखं म्हणून सोबतच येतं, डेन्सिटी ग्रेडियंटला (घनतेवरून वेगळं करायची पद्धत) बरोबर उलटं, व्हीएलडीएल वेगळं होतं आणि एचडीएल राहतं. म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही जोडा, सॅम्पल उपाशीपोटी घ्या आणि एपोबी (लिपोप्रोटीनवरचं प्रोटीन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) किती शिल्लक आहे ते ब्लॉटवर (प्रोटीन ओळखायची चाचणी) बघा.

एनटीएचा (कण मोजणाऱ्या मशीनचा) आकडा मोठा आला म्हणून खूश होऊ नका, त्या मशीनला पिशवी आणि प्रोटीनचा गोळा यातला फरक कळत नाही. पीबीएस (सॅम्पल पातळ करायचं खारं द्रावण) ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि नुसतं पीबीएसही मोजा. थोड्या सॅम्पलला ट्रायटन (पटल विरघळवणारं डिटर्जंट) लावून परत मोजलं तर पिशव्या फुटतात, प्रोटीनचे गोळे बहुतेक तसेच राहतात.

ब्लॉटवर नुसतं सीडी६३ (पिशवीच्या पटलावरचं प्रोटीन) दाखवून भागत नाही, टीएसजी१०१ सारखं आतलं प्रोटीन हवं, आणि कॅल्नेक्सिन (पेशीच्या आतल्या भागाचं प्रोटीन) पेशीच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) दिसून ईव्हीमध्ये दिसायला नको. मायक्रोस्कोपखाली कपासारखा आकार दिसतो तो सॅम्पल वाळवल्यामुळे, क्रायोमध्ये (सॅम्पल गोठवून बघताना) त्या गोलच असतात, त्यामुळे गोल दिसल्या म्हणून सॅम्पल फेकू नका.

आणि पेलेट दिसतच नसेल तर घाबरू नका, बऱ्याचदा तो डोळ्याला दिसतच नाही. फिक्स्ड अँगल रोटरमध्ये तो ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला, तळापासून जरा वर चिकटतो, म्हणून फिरवायच्या आधीच त्या बाजूला मार्करने खूण करा, सुपरनेटंट (वरचं द्रव) उलट्या बाजूने काढा आणि खुणेच्या जागी थोडंसं पीबीएस सोडून पिपेटने हळूहळू धुऊन घ्या. मग लगेच लो-बाइंड ट्यूबमध्ये छोटे छोटे भाग करून -८० ला टाका, म्हणजे एकच ट्यूब परत परत वितळवावी लागणार नाही.